सिग्नेला ओढून नेलं त्या दिवशी

“एडला, या घरात तुझ्या आधीची एक आहे हं. लोखंडाची आहे, लवकर मरायची नाही.” लग्नाच्या दिवशी कॉफी ओतता ओतता सासूबाई म्हणाल्या होत्या. बायका हसल्या. मीही हसले.

तिचं नाव सिग्ने. तीन डोलकाठ्यांचं लोखंडी गलबत, पण आमच्या बेटांवर गलबताला बाईच मानतात. ती ऑस्ट्रेलियाहून गहू आणायची, माझा नवरा वाल्फ्रिड तिची शिडं शिवायचा. दहा महिने तिचे, दोन माझे. तिला सगळा समुद्र, मला खडकाळ पट्टी.

त्याची पत्रं तिचीच असायची. हॉर्नच्या भूशिरापाशी तिनं वादळाचा मार खाल्ला, तिच्या कुशीतून पाणी येतंय, नवं शीड तिला किती शोभतं. मी कशी आहे, हे शेवटी, कागद उरला तर. तिच्यासाठी त्यानं कोसभर कापड शिवलं. माझ्या कोटाचं बटण तीन हिवाळे लोंबत राहिलं. मी एकटी होडी वल्हवत बाहेरच्या खडकांपर्यंत जायची, हेरिंगची जाळी ओढायची. ती दूर दिसली की वल्ही तशीच धरून बघत राहायची. ती पांढरीशुभ्र, भरल्या अंगाची. माझ्या हातांना मासळीचा वास. छातीत जळायचं.

मग आगबोटी स्वस्त पडू लागल्या. सिग्नेच्या डोलकाठ्या उतरवल्या, आगबोटींच्या कोळशाचं कोठार केलं तिचं, ती खाडीत गंजत राहिली. वाल्फ्रिड रोज धक्क्यावर जाऊन तिला बघून यायचा. मेली म्हातारपणीही देखणीच.

यंदाच्या वसंतात ती भंगारात गेली. आगबोट तिला ओढून नेणार होती. तिच्यावर दिवा आणि पाणी उपसायचा पंप सांभाळायला दोघं हवे होते. सत्तरीच्या वाल्फ्रिडनं मला न विचारता नाव दिलं. त्या गंजक्या पत्र्यावर दुसरं कुणी चढायला तयार होईना. एकट्या म्हाताऱ्याला नेणार नाही, म्हणून आगबोटीचा कप्तान अडून बसला.

काळा पाव आणि खारवलेली हेरिंग घेऊन मी धक्क्यावर पोचले, तेव्हा वाल्फ्रिड कप्तानाची विनवणी करत होता. मला पाहून ओशाळला.

“रागावू नकोस, एडला. शेवटचंच. आता या वयात तिचा काय हेवा करतेस?”

मी गाठोडं खांद्यावर टाकलं आणि शिडीवर पाय ठेवला.

“तिचा नाही रे. चाळीस वर्षं मला तुझा हेवा वाटत आलाय. मलाही जायचं होतं. चल, पंप मी मारते.”