हिरवीचा तिसरा गिअर

“एकच खाच,” बॉनेटखाली डोकं खुपसून मुबारक म्हणाला. “एक खाच मागे घेतो, मग बघ कशी गुमान चालते.”

“काल पण एकच म्हणाला होतास.” ईदने कॉफीचा छोटा पेला चटईवर ठेवला. “आणि परवा पण. केबल म्हणजे काय दाढी आहे रे, रोज उठून थोडी थोडी कापायला?”

ईद शेजारी राहायचा. सौदीतलं अख्खं हुफूफ शहर ज्याच्याकडे गिअरबॉक्स घेऊन यायचं, तो हाच ईद. मोतीबिंदूने नजर अधू झाल्यावर मुलांनी त्याचं दुकान बंद केलं आणि गाडीची चावीही काढून घेतली. तेव्हापासून तो मुबारकच्या अंगणात बसून त्याच्या कामात खोट काढायचा. तेवढाच त्याचा वेळ जायचा, आणि मुबारकचाही.

 कळ दाबून मुबारकने केबलची सरकपट्टी मागे ओढली. खट् असा बारीक आवाज आला. ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या गाड्यांत ही केबल म्हणजे एक निरोप्या असतो. पाय पेडलवर किती पडला, हे ती खाली गिअरबॉक्सला कळवते. पाय हलका असेल तर गिअर लवकर पडतो, पाय जड असेल तर इंजिनाला ताणून मगच पुढचा. मुबारकच्या गाडीचा तिसरा गिअर गेले काही आठवडे उशिरा पडत होता. दुसऱ्यातच ती कोंडलेल्या सांडासारखी हंबरायची.

ही गाडी हिरवी, लांबलचक, अमेरिकेहून बोटीने आलेली. मुबारकने तीस वर्षं पाणीखात्याचा टँकर चालवला, पण घरी आल्यावर पुसायचा तो हिरवीला. घरात तिला नावानेच हाक मारत, ‘हिरवी’. त्याची बायको लुलवा मात्र तिला धाकटी म्हणायची.

“बसलात का पुन्हा धाकटीच्या सेवेला?” स्वयंपाकघराच्या दारातून तिचा आवाज आला. नवऱ्याला ती ‘बू राशिद’, म्हणजे राशिदचे बाबा, अशीच हाक मारायची. “बू राशिद, माझे गुडघे दुखतात तेव्हा एक खाच मागे घ्यायला कधी आला नाहीत ते!”

“तुझ्या केबलला हात लावायची माझी छाती नाही,” मुबारक म्हणाला. ईद हसला. लुलवाही हसली असावी, कारण भांडी जरा कमी आपटली.

हसणं तोंडावरचं होतं.  तीन दिवसांपूर्वी मुबारक नातीला, दानाला, आणायला बालवाडीत गेला होता. मुलीची नोकरी असल्यामुळे ते काम त्याच्याकडे होतं आणि त्या कामावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल. फाटकापाशी गाडी हळू पुढे घेताना हिरवी एकदम उसळली. बायका किंचाळल्या, कुणीतरी एका पोराला दंडाला धरून मागे खेचलं. ब्रेक लागला म्हणून निभावलं. “गिअरबॉक्स बिघडलाय,” तो उतरून सगळ्यांना सांगत सुटला. “गिअरबॉक्सच, दुसरं काही नाही.” कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होता.

“हे बघ,” ईद म्हणाला. “केबल अशी सैल करत गेलास तर आत तेलाचा दाब पडेल. क्लचच्या चकत्या घसरतील, जळतील. मग हिरवी भंगारात. मूळ खूण कुठेय ते मला माहितेय, मीच केली होती. तिथे आणून ठेव.”

“मूळ खुणेवर उशीर होतो.”

“मग दुखणं केबलचं नाही,” ईद म्हणाला.

मुबारकने बॉनेट जरा जोरातच आपटलं.

दुपारच्या नमाजाला दोघं गल्लीतल्या मशिदीत गेले. मे संपत आला होता. अशा दिवसांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहा करण्याइतकं तापतं. वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, बसलेली माणसं नळाखाली बोट धरतात, हिसडा देऊन मागे घेतात, शिव्या ओठांवर येतात आणि मशिदीत आहोत म्हणून गिळतात. शहाणे घरूनच बाटली आणतात. मुबारकने हात धुतले, तेव्हा ओय ओय केलं, तोंड धुतलं तेव्हाही केलं. मग उजवा पाय नळाखाली धरला आणि धरूनच ठेवला. बोटांच्या बेचक्यांतून नीट चोळून धुतला.

ईदने त्याचा घोटा धरून पाय बाहेर ओढला.

“अरे, पाय आहे का पत्रा? भाजतंय ना!”

पायाचा वरचा भाग लाल झाला होता. मुबारक त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिला. मग हसला. “तीस वर्षं टँकरच्या इंजिनावर शेकलेला पाय आहे हा. तुझ्यासारखा दुकानात बसून मऊ झालेला नाही.”

रांगेतले दोघेचौघे हसले. ईद हसला नाही.

नमाजात मुबारकचं लक्ष नव्हतं. त्याला थोरला भाऊ आठवत होता. फर्हान. त्याचंही असंच सुरू झालं होतं. साखर, मग पायाला मुंग्या, मग मुंग्याही थांबल्या तेव्हा फर्हान म्हणाला होता, बरं वाटतंय आता. एक बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापासून. खिडकीशी पलंग लावला होता त्याचा. अंगणातल्या स्वतःच्या गाडीकडे बघत दिवस काढायचा आणि संध्याकाळी कुणाला तरी सांगायचा, जरा चालू करून आवाज ऐकव रे. मुबारक चालू करायचा. पुढे पुढे मुबारकने जाणंच कमी केलं. आपल्याला साखर आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, त्यावर गोळ्या घेऊन त्याने तो विषय मिटवून टाकला होता. पाय दाखवायला या, असं दवाखान्यातून सांगत, तेव्हा त्याला नेमकं हिरवीचं काहीतरी काम निघायचं.

मशिदीतून निघून ते गल्लीच्या वळणापर्यंत आले, तेव्हा ईद थांबला.

“मुबारक. उजवी चप्पल कुठेय?”

मुबारकने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय तापलेल्या डांबरावर उघडा होता. मागे, मशिदीच्या पायरीजवळ, चप्पल एकटीच पडलेली होती. एवढं अंतर तो तसाच चालत आला होता.

थट्टा करायची ही हक्काची जागा होती आणि ईदने ती सोडून दिली. तो मागे गेला, चप्पल घेऊन आला, खाली ठेवली.  मुबारकच्या कपाळावर घाम आला होता, तो उन्हाचा नव्हता.

अंगणात आल्यावर ईदने स्वतः बॉनेट उघडलं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं तरी बोटांनी चाचपत त्याने केबल मूळ खुणेवर आणली. मग शेजारच्या सीटवर बसला. “चल, खजुरीच्या बागांपर्यंत.”

रस्ता मोकळा होता. हिरवी दुसऱ्या गिअरमध्ये हंबरू लागली. मुबारक म्हणाला, “ऐक! ऐकतोयस ना? खूण बरोबर आहे तरी.”

“पाय हलका कर.”

“हलकाच आहे. नुसता टेकवलाय.”

ईदने वाकून पेडलकडे पाहिलं. ते अर्ध्याहून खाली दाबलेलं होतं, त्या अंधूक डोळ्यांनाही दिसण्याइतकं. तो सरळ झाला.

“दुकानात माझी एक पद्धत होती,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक म्हणायचं, गिअर उशिरा पडतो. मी काही उघडायचो नाही. आधी गाडी दुसऱ्याच्या पायाखाली द्यायचो. तू पण दे.”

“कुणाच्या? तुला दिसत नाही.”

“लुलवाबाईंच्या.”

“वेडा आहेस का? ती हिरवी चालवणार?”

“मुलीची गाडी रोज चालवतात. लायसन आहे त्यांच्याकडे.”

“ती डबडी गाडी वेगळी.” मुबारकचा आवाज चढला. “हिरवी माझ्याशिवाय कुणी चालवलेली नाही, आणि चालवणारही नाही!”

ईदने वाद घातला नाही, आणि मुबारकला त्याचंच भय वाटलं. ईद वाद घालत नाही म्हणजे त्याची खात्री झालेली आहे.

रात्रभर त्याने दानाचा विचार केला. फाटकापाशी मागे खेचलेलं ते पोर कुणाचं होतं, हेही त्याने विचारलं नव्हतं.

सकाळी लुलवाने लाल खजूर-पोळी आणि कॉफी पुढे ठेवली. त्याने अर्धी खाल्ली आणि चावी तिच्या पेल्याशेजारी ठेवली.

“हे काय?” ती म्हणाली.

“जरा चालव. मला आवाज ऐकायचाय.”

लुलवाने चावीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने या चावीवरून त्याला किती टोचलं होतं याची मोजदाद नाही. आज जिभेवर आलेलं काहीही बाहेर पडलं नाही. तिने अंगभर काळा अबाया घातला, चेहऱ्यावर नकाब बांधला आणि हिरवीच्या सीटवर बसली. सीट पुढे ओढताना जुनी पट्टी करकरली.

मुबारक शेजारी बसला. आपल्याच गाडीत त्याला हात कुठे ठेवावेत ते समजेना. त्याने ते मांडीवर ठेवले.

“कुठे जायचं?”

“सरळ. आणि एकदम दाबू नकोस.”

“मी कशाला दाबेन? काचेच्या भांड्यासारखी नेते तुमच्या धाकटीला.”

गल्लीतून बाहेर पडताना पहिला गिअर सुटला, दुसरा पडला. मुबारकने डोळे मिटले. आयुष्यात त्याने गाडीसाठी पुष्कळ दुवा मागितल्या होत्या, पण अशी कधी नाही. या अल्ला, तो मनात म्हणत होता, हिला हंबरू दे. उशीर होऊ दे. चकत्या जळालेल्या असू देत, गिअरबॉक्स फुटलेला असू दे, हिला भंगारात घालतो, पण खोट हिच्यात असू दे. मोठा रस्ता आला. वेग वाढला. इंजिनाचा सूर चढू लागला आणि मुबारकने श्वास धरला.

सूर चढला, आणि जिथे गेली तीस वर्षं उतरत आला होता, तिथे उतरला. तिसरा गिअर पडला. इतका हलका, की लुलवाला कळलंही नाही.

“कुठे काय होतंय हिला?” ती म्हणाली. “छान तर चाललीये! उगीच माझ्या मुबारकचा जीव खाल्ला होतास, मेले.” ती हे गाडीला म्हणाली होती. शेजारून काहीच आलं नाही तेव्हा तिने मान वळवली. मुबारकचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर गच्च रोवलेला होता, पेडल नसलेल्या जागी. पोटरीची शीर ताठ झाली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

 तिनेही फर्हानचा पलंग पाहिला होता, त्याच्या चादरी धुतल्या होत्या.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“दुखतंय?”

“नाही ना,” मुबारक म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. “तेच तर. काहीच नाही गं.”

चौक आला. ती घराच्या बाजूला वळणार तेवढ्यात तो म्हणाला, “डावीकडे घे.”

“घर उजवीकडे आहे.”

“दवाखाना डावीकडे आहे.”

दवाखान्याच्या दारात तिने हिरवी उभी केली, जरा तिरपी. एरवी त्याने चार शब्द ऐकवले असते. तो उतरला, दोन पावलं गेला आणि थांबून खाली बघितलं. उजवी चप्पल गाडीतच राहिली होती. लुलवा ती घ्यायला वाकली.

“राहू दे. मी घेतो.”

तो परत आला, सीटच्या कडेला टेकला, पाय दोन्ही हातांनी उचलून चपलेत घातला आणि पट्टा आवळला. किती आवळला हे हातालाच कळत होतं, पायाला नाही, म्हणून एक भोक सैल केला.

“मी येते आत.”

“नको. रांग मोठी असते इथे, दाना ताटकळेल. आधी तिला आण.” तो उठला. “फाटकाच्या अलीकडे, झाडाखाली लाव. हिरवीला ती लांबून ओळखते, पळत येईल. तू पुढे नेऊ नकोस.”

“बरं.”

“आणि पाय हलका ठेव.”

“हलकाच आहे माझा,” लुलवा म्हणाली, आणि नकाबच्या वर तिचे डोळे भरले.

हिरवी निघाली. दवाखान्याच्या दारात माणसं आत-बाहेर करत होती, पहारेकरी सावलीत या म्हणून खुणावत होता, पण मुबारक उन्हातच उभा राहिला. पहिला सुटला. दुसरा पडला. लांब वळणापाशी, दिसेनाशी होता होता, हिरवीने तिसरा गिअर घेतला, अगदी वेळेवर. तेवढं ऐकून तो वळला आणि खाली बघत, एकेक पाऊल डोळ्यांनी नेमकं ठेवत, आत गेला.