कप्तानांच्या मापाचा ट्रान्समीटर

"काका, बाबांना कळता कामा नये," कप्तानांची सून म्हणाली आणि सासऱ्यांचा विमान उडवायचा ट्रान्समीटर तिने माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही मागे उभं राहून दुसऱ्या रिमोटनं विमान उडवायचं. ह्याच्यात नुसता दिवा लागला की झालं."

महिन्यापूर्वी कप्तानांनी मॉडेल विमान एका बाईच्या कानाजवळून नेऊन कुंपणात घातलं होतं. मैदानावर त्यांना बंदी झाली आणि घरी त्यांनी जेवण टाकलं. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा अंगठा त्यांचं ऐकेनासा झाला होता. मग मैदानावरच्या मंडळींनी सुनेशी मिळून हे नाटक ठरवलं.

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं विमानवाल्यांचे ट्रान्समीटर त्यांच्या हातांना सोसतील असे करून देतोय. कुणाची अंगठ्याने हलवायची दांडी लांब करायची, कुणाची स्प्रिंग नरम करायची, कुणाला मनगटं टेकायला पट्ट्याचा ट्रे. कप्तान माझं पहिलं आणि सगळ्यांत खडूस गिऱ्हाईक. दांडी केसभर उंच झाली की काम परत. मला ते 'शिंपी' म्हणत. "हा मापं घेणार, शिवणार. घालून मिरवायला अंगात काहीतरी असावं लागतं," असं चारचौघांत म्हणायचे. चारचौघे हसायचे, मलाही हसावं लागायचं. उडवायला मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यांच्या मागे उभा राहून, कोपरांकडे बघून. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरही हसले असते.

ट्रान्समीटर उघडून मी संदेश पाठवणारा भाग काढून टाकला. वजन कमी झालेलं कप्तानांच्या हाताला लगेच कळलं असतं, म्हणून तिथे शिशाचा तुकडा बसवला. दांडीची स्प्रिंग इतकी नरम केली की फुंकरीने हलावी. इतका आरामशीर ट्रान्समीटर माझ्या हातून आजवर झाला नव्हता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

रविवारी सकाळी मैदानावर एक माणूस सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कप्तान ट्रे गळ्यात अडकवून उभे राहिले. मी पाच पावलं मागे. त्यांचं कोपर जिकडे वळेल तिकडे मी विमान वळवत होतो. एक फेरी झाली, दुसरी झाली. वाकलेली त्यांची मान सरळ झाली. खोटं कशाला सांगू, मलाच भरून आलं.

"बघितलंस का, शिंप्या?" आभाळातून नजर न काढता ते ओरडले. तोंड वाकडं झालेलं, पण शब्द स्पष्ट. "अर्धं अंग गेलं, हात नाही गेला! तुला दोन धड अंगठे आहेत. काय केलंस रे त्यांचं?"

लोक हसले. ते कप्तानांनाच हसत होते, हे मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. विमान सरळ चाललं होतं, कप्तानांचे अंगठे स्वस्थ होते. मी माझी दांडी ओढली. विमान वर चढलं, उलटं झालं आणि पुरी कोलांटी मारून खाली आलं.

कप्तानांनी अंगठ्यांकडे पाहिलं. मग दोन्ही हात ट्रेवरून उचलले आणि हवेत धरले. निदान तेव्हा तरी मी विमान डगमगवायला हवं होतं. नाही डगमगवलं. ते आपलं शिस्तीत चाललं होतं. कप्तान मागे वळले नाहीत. वळून एक शिवी हासडली असती तर मी सुटलो असतो.

"बाबा, काय मस्त मारलीत!" सून टाळ्या पिटत धावत आली. तिचं सगळं लक्ष विमानाकडे होतं. तिने पदराने त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली आणि मोबाईल काढला. "अजून एकदा, बाबा! ह्यांना दाखवायला घेते."

"हां, हां, कप्तान, होऊन जाऊ दे!" मागून मंडळींतले दातांचे डॉक्टर ओरडले आणि पुन्हा हशा पिकला.

कप्तानांचे कान लाल झाले होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती मोबाईल धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"घे," ते तिला म्हणाले.

त्यांनी हात पुन्हा ट्रेवर टेकवले. उजवी दांडी सावकाश स्वतःकडे ओढली आणि तशीच धरून ठेवली. मी माझी ओढली.