चार लिंबं आणि डिकीतला सॉकेट

अवधूतने डिकीत सॉकेट बसवला, त्यामुळे आयुधपूजेच्या दिवशी सासऱ्यांची गाडी मल्लेश्वरमच्या भर रस्त्यात ढकलून लिंबांवरून न्यावी लागली. पण असं काही घडलंच नाही, असं त्या घरात एकमताने ठरलंय. तेव्हा आपणही ही न घडलेली गोष्ट सुरुवातीपासून सांगू.

दसऱ्यानंतर सगळे गोकर्णला जाणार होते. सासूबाईंचं इन्सुलिन गार राहावं म्हणून अवधूतने गाडीत चालणारा छोटा फ्रिज आणला. फ्रिज डिकीत आणि सॉकेट पुढे, गिअरपाशी. मागे जादा सॉकेट हवा होता. सासरे नरसिंहराव, म्हणजे अण्णा, म्हणाले, "उपेंद्रकडे न्या. बावीस वर्षं या घराच्या वायरिंगला दुसऱ्या कुणी हात लावला नाही."

उपेंद्रच्या दुकानापुढे सणाची रांग होती. अवधूत पुण्याचा, एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत चारशे सर्व्हर सांभाळणारा. अशा माणसाला एक भोक आणि दोन तारा काय जड, असं त्याचं मत पडलं. पंख्याची उरलेली वायर त्याने सीटखालून नेली आणि थेट बॅटरीला जोडली, म्हणजे किल्ली न लावताही फ्रिज चालेल. जोडावर गणपतीच्या मखरातली सोनेरी टेप गुंडाळली.

"उपेंद्रनेच केलं ना?" अण्णांनी विचारलं.

"हो."

एका अक्षराचं खोटं. एवढंसं कुणाला सापडतंय, असं त्याला वाटलं. मग फ्रिज नीट चालतो का हे बघायला त्याने तो चालू ठेवला, आणि विसरला. सकाळी फ्रिज थंड होता. बॅटरीही.

हे कळलं ते आरती झाल्यावर. गाडीला केळीचे खुंट बांधलेले, शेवंतीचा हार घातलेला, चारही चाकांखाली लिंबं. अण्णांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. पुरोहितांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून नऊ वाहनं आणि एक रोड रोलर उरकायचा होता.

"मुहूर्त जातोय. ढकला," ते म्हणाले.

अण्णा स्टिअरिंगमागून उतरले नाहीत. अवधूत ढकलू लागला. समोरच्या घरातले गुरुदत्त कठड्यावरून ओरडले, "अहो सॉफ्टवेअर, स्वल्प जोर लावा की!" तीन लिंबं फुटली. चौथं निसटून पुरोहितांच्या पायावर जाऊन आदळलं, ते नैवेद्यात धरण्यात आलं.

अण्णांनी फोन करून उपेंद्रला बोलावलं. तो स्वतःच्या दुकानाची पूजा अर्धी टाकून स्कूटरवर आला; हाताला अजून कुंकू होतं. सगळ्या गल्लीदेखत अण्णा म्हणाले, "उपेंद्रा, तुझ्यामुळे आज मान खाली घालावी लागली रे."

या गाडीला वर्षभर हात न लावलेल्या उपेंद्रने डिकी उघडली. पंख्याची वायर पाहिली, सोनेरी टेप पाहिली, मग अवधूतकडे पाहिलं. अवधूतने केळीच्या खुंटाकडे पाहिलं. अतिशय सुबक खुंट होता.

"चुकलं अण्णा," उपेंद्र म्हणाला. "लक्ष नव्हतं माझं."

त्याने गाडी चालू करून दिली, नवी वायर टाकली, फ्यूज बसवला. अवधूत त्याला स्कूटरपर्यंत सोडायला गेला आणि पुटपुटला, "तुम्ही कशाला..."

"सरी, ठीक आहे, सोडा," उपेंद्र म्हणाला. "मी उद्या माझं दुकान उघडेन. तुम्हाला त्याच घरात जेवायचंय."

आणि तो जेवला. तोंड उघडायचं त्याने तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा त्यात होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, गेली. बायको श्रीविद्या न विचारताच त्याच्या पानात आणखी एक वाढत होती. तिने मखरातली टेप ओळखली होती.

"उपेंद्र आता थकला," अण्णा तुपाची वाटी पुढे सरकवत म्हणाले. "पुढच्या वेळी दुसरा माणूस बघू. खरं म्हणजे तुम्हीच जोडलं असतं तर बरं झालं असतं. असो. हा विषय या घरात पुन्हा नको."

दुपारी सगळे आडवे झाल्यावर अवधूतने लॅपटॉप उघडला आणि अर्ज लिहिला:

"मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी यांस. विषय: एका चुकीची मालकी बदलून मिळणेबाबत. महोदय, सदर वाहनाच्या डिकीत झालेली चूक सध्या श्री. उपेंद्र यांच्या नावावर आहे. ती मूळ मालक या नात्याने माझ्या नावावर वर्ग करावी, आणि सदर बदल सासरच्या मंडळींस न कळवता करण्यात यावा, ही नम्र विनंती."