बाबा, साइट पडली

मी बोलतोय, म्हणजे किणकिणतोय. मी बटणांचा साधा मोबाइल. खुर्च्या विणायच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्याशेजारी, चार्जरला बांधलेला.

मला इथे आणलं दुकानदाराच्या मुलीने. कॉलेज अर्ध्यावर सोडून तिने दुकानाची वेबसाइट बनवली. साइट बंद पडली किंवा साइटच्या वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या नावाची मुदत संपत आली, की माझ्यावर मेसेज येईल अशी सोय केली.

"हा ठोकळा कशाला? माझा फोन आहे की," बाबा म्हणाले.

"तुमच्या फोनवर सुप्रभातची फुलं इतकी, की मेसेज त्यांच्याखाली गुदमरून मरेल."

मेसेजचे शब्दही तिनेच भरले होते: 'बाबा, साइट पडली. मला फोन करा.' पाठवणार मशीन, पण हाक तिची.

सुरुवातीला मजा होती. मी किणकिणलो की बाबा विणता विणता ओरडायचे, "अगं ए, पडली बघ तुझी!"

आतून उत्तर यायचं, "माझी नाही, तुमची!" आणि ती येऊन दुरुस्त करायची.

मग एक बाई साइटवरचे फोटो बघून जुनी आरामखुर्ची घेऊन आल्या. लेकीचं कौतुक करायला लागल्या. बाबा हसून म्हणाले, "कसलं काय! शिक्षण सोडलंय, बसल्या बसल्या चाळे."

तिच्यासमोर! जिच्या कामामुळे गिऱ्हाईक दारात आलं, तिच्यासमोर! मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. कौतुक गिळून टाकतील, पण चारचौघांत अब्रू काढताना जीभ कशी सैल सुटते.

ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. जाताना मला डब्याशेजारी नीट ठेवून म्हणाली, "साइटचं नाव तुमच्यावर आहे, बाबा. मुदत वाढवायला या फोनवर आकडे येतील. तेवढे मला वाचून दाखवा. बाकी मी करते."

तेवढंच. एक फोन.

मेसेज येत राहिले. बाबा चष्मा लावून प्रत्येक वाचायचे. 'बाबा, साइट पडली.' पुन्हा वाचायचे, मला पुसायचे आणि ठेवून द्यायचे.

"अहो, करा ना तिला फोन," आई म्हणायची.

"बाप मी आहे. तिने करावा."

पण मला ठाऊक आहे ना! आई आत गेली की ते माझ्यावर तिचा नंबर दाबायचे. शेवटच्या आकड्यापर्यंत यायचे. मग लाल बटण. असला ताठा काय कामाचा, जो दाराआडून रोज वाकतो?

शेवटचा मेसेज आला: 'बाबा, आज मुदत संपतेय. मला फोन करा.' बाबांनी मला मुठीत धरून ठेवलं, तळहाताचा घाम माझ्या बटणांत उतरेपर्यंत. मग वेताची जुडी ओढून विणायला बसले.

साइटचं नाव गेलं, साइटही गेली. तिकडून तिने ती मेसेजची सोयही बंद केली असावी. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

काल बाबा मला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. "याची रिंग बिघडलीय. मेसेज आल्याचं कळतच नाही."

दुरुस्तीवाल्याने मला उलटसुलट केलं, वाजवून दाखवलं. "काका, फोन ठणठणीत आहे. याला कुणी मेसेजच करत नाहीये."

बाबांनी मला परत घेतलं. येताना मला शर्टाच्या खिशात ठेवलं, पहिल्यांदाच.

आता पुन्हा डब्याशेजारी आहे. चार्जिंग पूर्ण. बाबा, माझं सगळं चालतंय हो. हिरवं बटणसुद्धा.