चोवीस झाडं आणि एक कचराकुंडी

शिलाईताई निवडून आल्या त्याला दोन वर्षं झाली, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. पुढे शिवणाचं दुकान, मागे वॉर्डाचं ऑफिस, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे पॅन्टची उंची, पलीकडे गटाराची तक्रार. बऱ्याचदा माणूस एकच असायचा. कमरेचं माप देता देता गटारावर सुरू व्हायचा, आणि ताई तोंडात टाचण्या धरून नुसतं हं, हं करायच्या. टाचण्या तोंडात असतात तोवर नगरसेविकेला वचन देता येत नाही, हा त्या धंद्याचा फायदाच म्हणायचा.

दर सोमवारी ताई वॉर्डाचं पत्रक काढायच्या. एक कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. पाणी कधी येणार, कुठल्या खांबाचा दिवा लागला, दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसणार, वाचनालयात पोरांना गोष्टी कोण सांगणार. सहा ठिकाणी नुसत्या वरच्या कडेनं चिकटवायचं, म्हणजे उलटून मागचंही वाचता येईल, घरोघरी एकेक टाकायचं, शिवाय फोनच्या ग्रुपवर टाकायचं. वाचत कुणी नव्हतं. दूधकेंद्राच्या भिंतीवरच्या पत्रकावर तर लोक सायकलची दांडी टेकवायचे, त्यामुळे पाण्याच्या वेळेवर कायम एक काळा ओरखडा.

लोक बघायचे ते माजींचे फोटो. माजी म्हणजे ताईंच्या आधीचे नगरसेवक. हरल्यापासून सगळे त्यांना माजीच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. त्यांचं पत्रकबित्रक काही नाही, रोज एक फोटो. खड्ड्याकडे बोट दाखवताना माजी. बुजवलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवताना माजी. बोट तेच, शर्ट वेगळा. त्यावर दोनशे अंगठे. ताईंच्या पत्रकाला तीन. एक ताईंचा स्वतःचा, एक सासूबाईंचा, आणि सासूबाईंचा दुसऱ्या फोनवरून.

इतके दिवस ताईंनी हे मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आता गळ्याशी आलं होतं.

वॉर्डाच्या मधोमध एक मैदान आहे. एक घसरगुंडी, चार बाकं, आणि कडेनं चोवीस झाडं. ती झाडं गेल्या वर्षी ताईंनीच लोकांकडून लावून घेतली होती, एका घराला एक. झाडाला पत्र्याची पाटी आणि पाटीवर फक्त नंबर, कारण नावं घालायची म्हटल्यावर कुणाचं अक्षर मोठं यावरून पहिल्याच दिवशी जुंपली होती. तर त्या मैदानावर पालिकेच्या मोठ्या ऑफिसला बस उभ्या करायच्या होत्या. चाळीस बस. नियम असा, की रहिवाशांची सभा घ्यायची आणि मैदानावर शंभर जण हजर राहून नको म्हणून सही करणार असतील तर प्रकरण मागे. शंभर भरले नाहीत तर पुन्हा सभा. तिसऱ्यांदाही भरले नाहीत, तर वॉर्डाची काही हरकत नाही असं समजून मोकळं व्हायचं.

पहिल्या सभेला एकोणीस जण आले. दुसऱ्या सभेला तेवीस, त्यातले चार जण डोळ्यांचे डॉक्टर इथेच बसलेत का ते विचारायला. तिसरी सभा येत्या रविवारी, सकाळी दहाला. चार आठवडे ताई पत्रकाच्या पहिल्याच ओळीत हे जाड अक्षरात लिहीत होत्या, आणि चार आठवडे त्यावर सायकली टेकत होत्या.

आता ताई पत्रक कसं करायच्या ते सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता असं नाही, पण त्याच्यासमोर बसलं की त्यांचा पारा चढायचा. त्या प्रत्येक मजकूर वेगळ्या कागदावर लिहायच्या, कात्रीनं कापायच्या, मोठ्या कागदावर कापडासारखा जुळवून टाचण्या लावायच्या आणि समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणायच्या. तीस वर्षं हात जे करत आला तेच.

त्या आठवड्यात झाडांना वर्ष झालं होतं. मागच्या बाजूला झाडांची यादी घालायची ठरली. एका पट्टीवर झाडाचा नंबर आणि तब्येत, दुसऱ्या पट्टीवर सांभाळणाऱ्याचं नाव. दोन पट्ट्या शेजारी ठेवून टाचायच्या. आणि टाचताना ताईंच्या हातानं, त्यांना न विचारता, नावांच्या पट्टीला वरून अर्धा इंच माया सोडली. शिवणीत जातं ना तेवढं, म्हणून कापडाला सोडतात तशी. कागदाला शिवण नसते. सगळी नावं बरोबर एक ओळ खाली सरकली.

सोमवारी पत्रक लागलं. मंगळवारी सकाळी शटर अर्धं वर जातंय तोच खालून इस्त्रीवाल्याचे पाय दिसले.

इस्त्रीवाला म्हणजे वॉर्डातला सगळ्यात गरीब माणूस, स्वभावानं. दिवसभर इस्त्री फिरवून संध्याकाळी दोन बादल्या पाणी घेऊन आठ नंबरच्या गुलमोहराला घालायचा, गुलमोहर त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. पत्रकात त्याच्या नावासमोर आलं होतं, "क्रमांक नऊ. वाळलं. काठी शिल्लक." तो ओरडला नाही. पत्रक त्यानं घडी करून आणलं होतं, घडीला इस्त्री केलेली. ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, काठी कुणाला म्हणालात?"

ताई काही बोलायच्या आत घड्याळवाले आजोबा आले. त्यांचं बदामाचं झाड, दहा नंबर, दिवसातून दोनदा ठरल्या वेळी पाणी, त्यांच्या नावासमोर होतं "शेळीनं खाल्लं." आजोबांचं म्हणणं, बावन्न वर्षांत त्यांच्या दुकानातलं एक घड्याळ मागे पडलं नाही आणि आता शेळी. आणि ज्यांचं नऊ नंबर खरंच वाळलं होतं त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मात्र "उत्तम, लेकरासारखं जपलंय" असं मिळालं होतं, आणि त्यांनी ते दवाखान्यात काचेवर आतून चिकटवलं होतं. हे आजोबांनी दात दाखवायला गेल्यावर बघितलं. आ करून बसल्यामुळे तिथे बोलता आलं नव्हतं, ते सगळं इथे निघालं.

दुपारपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. एरवी ज्या पत्रकावर सायकली टेकायच्या, ते जो तो हातात घेऊन आला होता, ओळींखाली पेनाच्या रेघा मारून. कुणाची सून आली होती, कुणाचा मोठा भाऊ, एका घरातून तिघं. त्यात सासूबाईंची वेगळीच तऱ्हा. एक नंबरचं चिंचेचं झाड त्यांचं, आणि सरकलेल्या यादीत एक नंबरसमोर कुणाचंच नाव नव्हतं.

"वर्षभर मी पाणी घातलं," सासूबाई पडद्याच्या मागून म्हणाल्या, "आणि सुनेनं मला बेवारस केलं."

"आई, तुम्ही नाही, झाड बेवारस झालंय."

"एकच झालं."

शेवटी माजी आले. चोवीस नंबर त्यांचं, म्हणजे ते तर यादीच्याच खाली घसरले होते, थेट पुढच्या ओळीवर. आणि पुढची ओळ होती मैदानाच्या कोपऱ्यातल्या कचराकुंडीची. माजींनी आयुष्यात पहिल्यांदा बोट न दाखवता, दोन्ही हात मागे बांधून, ही बदनामी आहे असं सांगितलं. आपल्यामागे कोण आहे हे ताईंना माहीत नाही, असंही म्हणाले. मागे त्या वेळी रद्दीवाला उभा होता, त्याला माजींच्या खांद्यावरून पुढे यायचं होतं.

आणि ताईंचं टाळकं सटकलं. सकाळपासून त्यांनी एका पॅन्टला हात लावला नव्हता. चाळीस माणसं एकाच वेळी बोलत होती, आणि त्यातला एकही शब्द सभेबद्दल नव्हता. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर आपटल्या.

"इथे कुणाचंही काहीही बदलणार नाही," ताई म्हणाल्या. "ज्याचं झाड त्यानं रविवारी दहाला मैदानावर आपल्या झाडाखाली उभं राहायचं. घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे साक्षीला माणसं होतील. मी प्रत्येक झाडापाशी येईन आणि तिथेच नाव लिहीन. जो नसेल त्याचं आहे तसंच राहील."

दुकान रिकामं झालं. ताईंनी मशीनला दोरा ओवला, पायडल मारलं, आणि अर्धी शिवण झाल्यावर पाय थांबला. आपण रागाच्या भरात काय बोलून बसलो ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चोवीस घरं, घरात चार माणसं. त्यांनी टेप घेऊन पॅन्टवरच गुणाकार केला. शहाण्णव. अधिक सासूबाई, असं नाही, त्या शहाण्णवातच होत्या.

चार कमी. आणि ते पण सगळे आले तर.

सासूबाई म्हणाल्या, पाठव की सुधारलेला कागद, उगाच लोकांना कशाला उन्हात उभं करतेस. ताई म्हणाल्या नाही. कागद पाठवला तर लोक पुन्हा त्याला सायकल टेकवतील. पण ग्रुपवर त्यांनी स्पष्ट लिहिलं, की रविवारी नावं लिहायची आहेत आणि सहीसुद्धा लागेल, ती कशासाठी ते तिथे सांगेन. फसवून आणलं असं नंतर कुणी म्हणायला नको. या निरोपाला एकसष्ट अंगठे आले. त्यातले बरेच खाली वळलेले होते, पण आले.

रविवारी पावणेदहाला मोठ्या ऑफिसचे साहेब मैदानाच्या मधे टेबल मांडून बसले. रजिस्टर, शाईचा पॅड, मनगटावर घड्याळ. दुसऱ्या सभेलाही हेच साहेब होते, त्यामुळे त्यांनी सोबत वाचायला पेपर आणला होता.

ताई फाटकातून आत आल्या आणि जागीच थांबल्या. मधे कुणी नव्हतं. सगळं मैदान कडेकडेनं भरलं होतं. प्रत्येक झाडाखाली एक कुटुंब, फोटो काढायला उभं राहतात तसं. इस्त्रीवाल्यानं बायको, आई, दोन्ही मेहुणे आणि गावाहून आलेला साडू आणला होता. साडू रहिवासी नव्हता, त्याला ताईंनी डोळ्यांनीच वजा केला. आठ नंबरचा बोर्ड पुसून लख्ख केलेला. आजोबांनी खुर्ची आणली होती आणि बदामाच्या खोडाला हात लावून बसले होते, कुणी काढून नेईल असे. डॉक्टरीणबाई मात्र गुपचूप नऊ नंबरच्या काठीशेजारी उभ्या होत्या, पाण्याची बाटली घेऊन.

साहेबांनी पुकारा केला, की सहीसाठी टेबलापाशी यावं. कुणी हललं नाही. ताईंनी जाऊन विचारलं तर आजोबा म्हणाले, मी उठलो आणि शेजारचा येऊन उभा राहिला तर? नंबर अकरावाले म्हणाले, आम्हालाही तीच भीती आहे. सगळ्या मैदानात एकही माणूस आपलं झाड सोडायला तयार नव्हता.

साहेब म्हणाले, लोक टेबलापाशी आले नाहीत तर सभा झाली असं मला धरता येणार नाही.

ताईंनी त्यांच्याच नोटिशीचा कागद टेबलावर ठेवला. "साहेब, यात मैदानावर हजर असं लिहिलंय. टेबलापाशी असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

साहेबांनी कागद खालून वर आणि वरून खाली वाचला. मग पेपरची घडी घातली, रजिस्टर उचललं आणि उठले.

अशी ती वरात निघाली. पुढे ताई, हातात कापडावर खुणा करायचा निळा खडू, मागे साहेब, रजिस्टर छातीशी धरून. प्रत्येक झाडापाशी ताई दोनच गोष्टी करायच्या. पत्र्याच्या पाटीवर नंबराखाली खडूनं नाव लिहायच्या, आणि मग सांगायच्या, इथे चाळीस बस उभ्या करायच्या आहेत, झाडं जातील, नको असेल तर या वहीत सही करा.

दोन नंबरपाशीच गोंधळ झाला. बस? कसल्या बस? मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

ताईंनी पिशवीतून चार पत्रकं काढली. चारही पत्रकांत पहिली ओळ जाड अक्षरात. दोन नंबरवाल्यांनी चारही वाचली आणि म्हणाले, हे झाडांच्या यादीच्या खाली घालायचं ना ताई, आम्ही तिथून वाचायला सुरुवात करतो.

एकेक नाव लिहिलं जात होतं आणि एकेक घर सही करत होतं. नाव लिहून झालं की लोक सैल होऊन शेजारच्या झाडाखाली गप्पा मारायला जात होते. डॉक्टरीणबाईंच्या काठीपाशी ताईंनी खडू थांबवला. बाई म्हणाल्या, लिहा, माझीच आहे. आणि काचेवरचं काढते मी. इस्त्रीवाल्यानं तिथल्या तिथे त्यांच्या काठीलाही रोज एक बादली घालायचं कबूल केलं.

तेवीस नंबरपाशी साहेबांनी मोजलं. अठ्ठ्याण्णव.

चोवीस नंबरपाशी कुणीच नव्हतं. झाडही नव्हतं. पाटी होती आणि खाली खड्डा. माजींनी वर्षापूर्वी तिथे रोपासोबत फोटो काढला होता, त्यानंतर रोपाला पाणी असं मिळालंच नव्हतं. माजी पलीकडे कुंडीच्या आडोशाला बायकोबरोबर उभे होते. ताई खडू घेऊन वाकल्या तशा ते लगबगीनं पुढे आले.

"नका लिहू," ते हळू आवाजात म्हणाले.

"का? तुमचीच दुरुस्ती आहे. क्रमांक चोवीस, खड्डा, आणि पुढे तुमचं नाव."

माजींनी खड्ड्याकडे बघितलं, मग खिशातून पत्रक काढलं. कुंडीची ओळ त्यांनी आता नीट वाचली असावी. "कचराकुंडी. रोज वेळेवर रिकामी. वर्षात एकही खाडा नाही. स्वच्छ."

"ताई," माजी म्हणाले, "आहे तसंच राहू दे."

"राहू देते. पण मग ती रोज बघावी लागेल. आणि इथे सही."

माजींनी सही केली. त्यांच्या बायकोनं त्यांच्याआधीच केली होती, ताईंचं वाक्य अर्धं होईस्तोवर. साहेबांनी आकड्याखाली रेघ मारली. शंभर.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. एक नंबरपाशी सुरुवातीला ताई घाईत पुढे निघून आल्या होत्या, घरचंच झाड म्हणून, आणि सासूबाई तासभर चिंचेला टेकून वाट बघत होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधी पाटीवर नाव, मग सही, आणि अक्षर आजोबांच्या अक्षरापेक्षा लहान नको. ताई धावत गेल्या. साहेबही गेले, त्यांनी रेघ खोडून एकशे एक केलं.

पुढच्या सोमवारचं पत्रक दूधकेंद्रावर लागलं तेव्हा तिथे आधीच सात-आठ जण उभे होते. या वेळी कुणाचं काय चुकलंय ते शोधायला. एकजण सायकल टेकवायला आला, तर त्याला बाजूला व्हायला सांगितलं. पहिल्या ओळीत जाड अक्षरात होतं, मैदान राहिलं. ते वाचून झाल्यावर सगळ्यांनी कागद उलटून शेवटची ओळ बघितली. माजींच्या नावासमोर कुंडी होती, आणि त्याच दुपारी ग्रुपवर माजींचा नवा फोटो आला. रिकाम्या कुंडीकडे बोट.