खिडकी बंद झाली

ल्युबिसाव आयुष्यभर एकाच गोष्टीला भ्याला, घरातून आरपार जाणाऱ्या वाऱ्याला. तीस वर्षं बस चालवली त्यानं, पण भर जुलैत बायका घामानं निथळत ओरडल्या तरी एक काच खाली करू दिली नाही. "माझी मान धरली तर गाडी काय तुमचा बाप चालवणार?" असं विचारायचा, आणि बायका गप्प बसायच्या. आमच्या मोराव्हा नदीकाठी या वाऱ्याला सगळेच भितात. कान ठणकला, वारा. कंबर धरली, वारा. शेजाऱ्याची बायको पळून गेली तर तेवढं फक्त वाऱ्यावर ढकलत नाहीत.

सप्टेंबर होता. रादोयका, त्याची बायको, हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत होती. धुरानं डोळे चुरचुरायला लागले तशी तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मागचं दारही. ल्युबिसाव टीव्हीसमोर डुलक्या घेत होता, तो दचकून उठला.

"वारा! अगं, मारतेस की काय मला?"

"इतक्यात कुठला मरतोस तू," ती म्हणाली आणि मिरच्या उलटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप त्यानं ओठाला लावला, आणि कॉफी उजव्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर आली. त्या बाजूचा ओठ खाली लोंबत होता. "बघ," तो बोबड्या जिभेनं म्हणाला, "काल सांगत होतो." स्वतःचंच खरं झालं म्हणून मेला चक्क खूष होता.

खिडकी रादोयकानं उघडली होती ना! तिनं तव्यावर मीठ तापवलं, लोकरी मोज्यात भरून त्याच्या गालाला लावलं, मानेला दारू चोळली आणि वरून गळपट्टा गुंडाळला. शेजारची कोसा डोकावली. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे फिरवून पाहिलं.

"वारं लागलंय, दुसरं काय," कोसा म्हणाली. "माझ्या दिराचं तोंड तीन आठवडे वाकडं होतं. जावेला बरंच झालं, शिव्या नीट कळायच्या नाहीत."

तिघंही हसली. ल्युबिसाव अर्ध्या तोंडानं हसला. मग म्हणाला, जरा पडतो.

दुपारी ती त्याला जेवायला उठवायला गेली, तर त्याचा उजवा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि तोंडातून नुसतं "अं, अं" येत होतं. वारं लागणं वेगळं आणि अंगावरून वारं जाणं वेगळं, हे रादोयकाला तेव्हा कळलं. रुग्णगाडी आली. बिचारी उशिरा आली असंही नाही. उशीर घरातच झाला होता.

जिल्ह्याच्या इस्पितळातला तातडीचा विभाग म्हणजे एक लांब बोळ. आमच्या निम्म्या परिचारिका जर्मनीत, निम्मे डॉक्टर त्यांच्या मागे, आणि आजारी माणसं तेवढी इथेच. भिंतीला लावून खाटांची रांग होती. ल्युबिसावच्या पुढच्या खाटेवर एक म्हातारा तसाच पडला होता, तोंड वाकडं, डोळे मिटलेले. त्याच्या मुलाशी एक तरुण डॉक्टरीण बोलत होती. तिचं नाव दुन्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेबसे बांधलेले.

"रात्री झोपेत कधी झालं ते तुम्हाला माहीत नाही," ती म्हणत होती. "गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळेची खिडकी बंद झाली. मला नाही देता येणार."

"अहो, द्या की! काय जातंय तुमचं?"

"नाही देता येणार."

मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. रादोयकानं सगळं ऐकलं.

खिडकी बंद झाली! हे शब्द तिला काय नवे होते? पेन्शनीची खिडकी, दाखल्याची खिडकी, विजेच्या बिलाची खिडकी. आतली बाई घड्याळाकडे बघते, पडदा ओढते आणि सँडविच खायला बसते. आणि आमच्याकडे जन्माला आलेल्या प्रत्येकाला हेही ठाऊक असतं, की काचेवर हळूच टकटक करायची, तोंड केविलवाणं करायचं, थोडं खोटं बोलायचं, आणि पडदा सरकतो. पडदा सरकला नाही, तर तुम्हालाच नीट खोटं बोलता येत नाही म्हणून. औषध थोडं असणार, रादोयकाला वाटलं. जपून ठेवत असतील कुणा मोठ्या माणसासाठी.

दुन्या ल्युबिसावपाशी आली. त्याचे हात उचलून पाहिले, डोळ्यांत उजेड टाकला. "मावशी, हे शेवटचे ठणठणीत कधी होते?"

"आत्ता जेवायच्या वेळेपर्यंत!" रादोयका म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "लाकडं फोडत होते. जेवायला बसले आणि हात गळाला."

"सकाळी काही नव्हतं? बोलणं, तोंड?"

"काही म्हणजे काही नव्हतं."

"अं," ल्युबिसाव म्हणाला. त्याचा डावा हात तिच्याकडे आला. तिनं तो दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. गप रे बाबा, तुझ्यासाठीच चाललंय.

मग सगळं भराभर झालं. यंत्रात घालून डोक्याचं चित्र काढलं. कुणीतरी कागद पुढे केला. दुन्या रक्तस्रावाच्या धोक्याचं काहीतरी सांगत होती, तेवढ्यात तिचा फोन दोनदा वाजला. रादोयकानं सही केली. आयुष्यभर तिनं असल्या कागदांवर न वाचताच सह्या केल्या होत्या.

औषध शिरेत गेलं. थोड्या वेळानं ल्युबिसावचा ओठ हळूहळू वर आला. बोटं हलली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "रादो." अगदी स्वच्छ म्हणाला. रादोयका तिथेच हुंदके देऊन रडली, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूष झाली. उघडली की नाही खिडकी?

त्यानंतर त्याचं डोकं दुखायला लागलं. तो ओकला. डोळ्याची एक बाहुली मोठी झाली, मग दुसरी. खाट पळवत आत नेली आणि दार तिच्या तोंडावर लागलं. बाहेर ऊन उतरत होतं तेव्हा दुन्या बाहेर आली. तिच्याकडे बघताच रादोयकाला कळलं.

"मेंदूत रक्तस्राव झाला," दुन्या म्हणाली. "आम्ही सगळं केलं. पण औषध मी दिलं होतं. निर्णय माझा होता, मावशी." ती बाकावर बसली. "चित्र मी पुन्हा एकदा बघायला हवं होतं. माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं."

रादोयका गप्प बसली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. तिला बोलायचं नव्हतंच. पण ही पोरगी, हिची आई असेल कुठेतरी, आणि ही आता घरी जाऊन काय खाणार, कशी झोपणार?

"तुझं काही सुटलं नाही, बाळ," ती म्हणाली. "सकाळपासून होतं त्यांना. पहिल्या कॉफीपासून. मी खोटं बोलले."

दुन्यानं मान वर केली. "का?" ती ओरडलीच. बोळातली माणसं वळून बघायला लागली. "का, मावशी? मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तू त्या पोराला नाही म्हणालीस ना. मला वाटलं, औषध पुरत नसेल. वेळ संपली की तुम्ही देत नाही, सगळीकडे देत नाहीत तसं."

"औषध कपाटभर आहे," दुन्या म्हणाली. तिचा राग गळून गेला होता. "उशीर झाला की त्याच औषधानं मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून नाही म्हणाले त्याला. त्याचा बाप वाचावा म्हणून."

रादोयकानं मान वळवून खाटांच्या रांगेकडे पाहिलं. पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याचा मुलगा चमच्यानं पाण्याचे थेंब द्यायला निघाला होता, आणि परिचारिका त्याच्यावर खेकसत होती, पाणी देऊ नका म्हणून. म्हाताऱ्यानं डोळे उघडले होते.

"मी खरं सांगितलं असतं तर?"

"मावशी, आता त्याचा काय उपयोग?"

"सांग. मी सांगितलं ना तुला?"

दुन्यानं डोळे पुसले. "बहुधा जगले असते. उजवा हात गेला असता. बोलणं फारसं परत आलं नसतं. तोंड वाकडंच राहिलं असतं."

"मला चाललं असतं गं," रादोयका म्हणाली. "मला वाकडं चाललं असतं."