रद्द म्हणजे पुन्हा विचारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक प्रोग्राम आहे. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरे, एवढेच माझे रूप. माऊस मला कळत नाही, चित्रे मला येत नाहीत. मला स्वतःला हात नाहीत की पाय नाहीत, आणि तरीही माझे सारे आयुष्य पाय बनवण्यात गेले. ज्यांचा पाय आजाराने किंवा अपघाताने गेला, त्यांना नवा पाय करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी कामाला आहे.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. कारखान्याचे मालक दादा स्वतः हाताने पाय घडवत आणि सगळ्यांची मापे खडूने भिंतीवर लिहून ठेवत. एकदा भिंत रंगवायला माणूस आला. त्याने अगदी मन लावून काम केले आणि सगळी मापे पांढरीशुभ्र करून टाकली. दादांनी कपाळाला हात लावला. तेव्हा त्यांचे मेहुणे म्हणाले, "दाजी, भिंतीचं पुरे झालं आता. मी तुम्हाला एक प्रोग्राम लिहून देतो." या मेहुण्यांना सगळा कारखाना मामाच म्हणे. संध्याकाळची जेवणे उरकली की ते टेबल पुसून बसत आणि मला लिहीत.

मामांनी मला साधी शिस्त लावली. आधी माप, मग साचा, मग जोडणी, मग चाचणी आणि शेवटी पोहोच. पाय घरी पोहोचला की ऑर्डर बंद. बंद झालेली ऑर्डर मी पुन्हा कधी समोर आणत नसे. पण मामा मनाने हळवे होते. पुष्कळ माणसे माप देऊन जात आणि मग धीर सोडून ऑर्डर रद्द करत. मामांना ते बघवेना. म्हणून त्यांनी मला शिकवले की रद्द झालेली ऑर्डर फेकायची नाही. काही महिन्यांनी ती चाचणीच्या खोलीतल्या पडद्यावर आणायची, बारीक आवाजात बीप करायचे आणि लिहायचे, 'पुन्हा विचारा'.

ती वर्षे फार सुखाची होती. माझ्यामुळे कुणाचा पाय कुणाला गेला नाही. दादा आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा आमचा सर्वांत शहाणा कामगार. चहासुद्धा मागत नाही." मीही मनातल्या मनात भाव खाऊन घेई.

मग मामा दूर दुसऱ्या देशात नोकरीला गेले आणि माझ्यात काही बदलू शकेल असे कुणी उरले नाही. नेमकी तेव्हाच काउंटरवरच्या मावशींना एक अडचण दिसली. मोठ्या माणसाला दिलेला पाय कितीतरी दिवस पुरतो. लहान मूल मात्र वाढते आणि त्याचा बनवलेला पाय तेवढाच राहतो. मूल एका बाजूला कलून चालू लागते, हळूहळू पाठ वाकडी होऊ लागते, आणि रोज बघणाऱ्या आईवडिलांच्या ते लक्षातच येत नाही. मी तर मुलांच्या ऑर्डरी बंद करून मोकळा होत असे. मावशींनी बराच विचार केला आणि एक युक्ती काढली. मुलाचा पाय पोहोचला की त्या ऑर्डर बंद करत नसत, रद्द करत. मग काही महिन्यांनी मी बीप करी, फोन जाई आणि मूल नव्या मापाला येई.

मला सुरुवातीला वाईट वाटले. इतका सुरेख पाय बनला आणि माझ्याकडे त्याची नोंद रद्द म्हणून. पण मुले ताठ चालत येताना दिसली आणि मी ते मुकाट्याने मान्य केले.

पुढे मावशी निवृत्त झाल्या. काउंटरवर नवी ताई आली. तिला मावशींनी घाईघाईत एवढेच सांगितले होते की मुलांचे शेवटी रद्द करायचे. ती इमानाने रद्द करी. चाचणीच्या खोलीत फोन करणारे काकाही नवे होते. त्यांना वाटे, घरच्यांनी नवा पाय करायला सांगितला असेल आणि मग माघार घेतली असेल. ते गोड बोलून सगळ्यांना बोलावून घेत. अर्धे ताईला ठाऊक, अर्धे काकांना, आणि सगळे फक्त मला. मला कुठे बोलता येते?

दादांनंतर त्यांचा मुलगा कारभार पाहू लागला. लोक मला डबा म्हणू लागले. धाकट्या मालकांनी नवी प्रणाली करून घ्यायचे ठरवले आणि त्या कामासाठी एक चष्मेवाली बाई आली. धाकटे मालक तिला म्हणाले, "रद्द झालेल्या ऑर्डरींची अडगळ नव्या घरात कशाला न्यायची? त्या इथेच राहू द्या. आणि ती बीपबीपही नको." मित्रांनो, अडगळ कसली? त्या अडगळीत कारखान्याची सगळी मुले होती. आता त्यांना कोण बोलावणार?

चष्मेवालीची कामाची रीत मात्र मला आवडली. ती कुणालाही म्हणे, "मला सांगू नका, करून दाखवा." मग शेजारी खुर्ची ओढून बसे. ताईने तिच्यासमोर एका मुलाचा पाय पोहोचता केला आणि ऑर्डर रद्द केली.

"पाय तर दिला. मग रद्द का?"

"काय माहीत बाई. मावशींनी असंच शिकवलंय."

चष्मेवालीने लिहून घेतले, 'जुनी सवय. काढून टाकावी.' माझा जीव टांगणीला लागला.

नंतर ती काकांच्या शेजारी जाऊन बसली. तेवढ्यात एका मुलीची ऑर्डर वर आणायची वेळ झाली. दोरीच्या उड्या मारणारी मुलगी ती. मी आयुष्यात कधी केले नव्हते इतक्या मनापासून बीप केले. काकांनी फोन लावला.

"दोरीउड्यांवाली कशी आहे आमची?"

पलीकडून आई म्हणाली, "बरी आहे, पण दोरी सोडलीय तिनं. कंटाळा आला म्हणते."

"एकदा घेऊन या तिला. माप तरी बघू."

मायलेकी आल्या. मुलगी कलून चालत होती. एका बाजूने झिजणाऱ्या बुटाखाली वडिलांनी रबराचा तुकडा चिकटवला होता. चष्मेवाली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्यात त्या मुलीची जुनी नोंद उघडली. पोहोच झाली, आणि त्याच दिवशी रद्द. तिने दुसऱ्या मुलांच्या नोंदी उघडल्या. सगळीकडे तेच. ती उठली आणि ताईला हाताला धरून काकांच्या खोलीत घेऊन आली.

काका म्हणाले, "म्हणजे तू रद्द करतेस म्हणून मी फोन करतो?"

"आणि तुम्ही फोन करावा म्हणून मी रद्द करायचं होतं होय!" ताई म्हणाली, आणि दोघेही हसत सुटले.

चष्मेवालीने मावशींना फोन केला. मावशी म्हणाल्या, "अगं, मुलांना पुन्हा बोलवायला मामांनी दुसरं बटणच ठेवलं नव्हतं. मी तरी काय करणार?"

चष्मेवालीने आपली ओळ खोडली. नव्या प्रणालीत तिने एक वेगळी पायरी केली, 'वाढत्या मुलांना बोलवा'. सगळ्यांच्या आधी मुलांच्या नोंदी तिकडे नेल्या. धाकट्या मालकांनी ते सगळे ऐकले आणि माझ्या पडद्यावरची धूळ स्वतः पुसली. दोरीउड्यांवालीला नवा पाय मिळाला आणि तिने काउंटरसमोरच उड्या मारून दाखवल्या. मी कृतार्थ झालो. मामांचा, मावशींचा आणि त्या चष्मेवालीचा मी फार ऋणी आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर बदला, मला त्याचा राग नाही. पण बदलण्याआधी थोडा वेळ तिच्या शेजारी बसा. ती काय करते आणि कुणासाठी करते, ते बघा.

माझा निरोपाचा दिवस आला, तेव्हा सगळे जमले होते. चष्मेवालीने विचारले, "करू बंद?"

काका पुढे झाले. "बंद नका करू. रद्द करा."

तिने हसून माझ्या नावापुढे तेच लिहिले. आता मी कपाटात शांत बसून आहे. काही महिन्यांनी कुणीतरी माझी विचारपूस करायला येईल.